खिडकीतून टाकलेला रुमाल

अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची एसटी फलाटाला लागते तेव्हा ती आधीच भरलेली असते. माणसं अजून बाहेरच असतात, पण सीटा गेलेल्या असतात. गाडी वळत असतानाच लोक तिच्या बाजूनं धावतात आणि उघड्या खिडक्यांतून रुमाल, दुपट्टे, पिशव्या, शिळे पेपर आत फेकतात. एका आजीबाईंनी नातवालाच खिडकीतून आत सरकवलेलं मी पाहिलं आहे. रुमाल पडला की सीट झाली. मग मालक दारातून सावकाश चढतो आणि त्याच्या आधी आत पोचलेला माणूस रुमाल बघून मुकाट्यानं पुढे सरकतो. विधानसभेनं केलेला कुठलाही कायदा आमच्याकडे इतक्या निष्ठेनं पाळला जात नाही.

वानखडे सरांनी अमरावतीच्या कॉलेजातल्या नोकरीची सगळी वर्षं अकोला-अमरावती अपडाऊन केलं आणि कधी रुमाल टाकला नाही. उंच, किडकिडीत माणूस, खांद्याला शबनम, तिच्यात खाकी कव्हर घातलेला एक जुना नकाशांचा ग्रंथ आणि भिजवलेल्या शेंगदाण्यांचा डबा. मूर्तिजापूरला कुणी उतरलं तर बसायचे, नाहीतर बडनेऱ्यापर्यंत दांडीला धरून उभे. मी त्याच कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि माझा रुमाल नेमानं टाकत होतो. एकदा मी त्यांच्यासाठी दुसरा रुमाल टाकला. ते त्या सीटवर बसले नाहीत.

"काहून?" मी विचारलं.

"भौ, रुमाल तुमचा हाय. उद्या तुमी म्हणसान, माह्यं सुपरव्हिजन जरा तुमी करा."

"मी असं म्हटलं असतं का?"

"म्हटलंच असतं. आन मी केलंच असतं. तिथंच तर सारा घोळ हाय."

ते राज्यशास्त्र शिकवायचे. त्यांच्याकडे परराष्ट्र धोरणाचा पेपर होता आणि बरीच मुलं तो घ्यायची, कारण तो तास कँटीनच्या सुट्टीनंतर लगेच असायचा. नुकताच समोसा खाल्लेल्या, डोळे जड झालेल्या मुलांना मोठे देश लहान देशांशी कसे वागतात हे सांगणं सोपं नाही. वानखडे ते वऱ्हाडीत सांगायचे आणि कुणी झोपायचं नाही.

"बंदर म्हणजे काय रे?" ते विचारायचे. "परक्या किनाऱ्यावर बंदर बांधून देणं म्हणजे काय? खिडकीतून टाकलेला रुमाल. गाडी त्याची, खिडकी त्याची, सीट त्याची. तुमी फक्त रुमाल टाकला. आता चढा आरामात. देश मोठा होऊन राहिला न, की आधी त्याचे रुमाल वाढतात. फौजा मागून येतात. कधी कधी येतच नाईत, गरज पडत नाई."

दवाखाना, रेडिओ केंद्र, क्रिकेटचं मैदान, भाषेचे फुकट वर्ग, पूल, शिष्यवृत्त्या: सरांच्या मते हे सगळे रुमाल. कुठल्याही देशानं कुठल्याही देशाला काही दिल्याची बातमी आली की ते ती वर्गात वाचून दाखवायचे आणि चष्म्यावरून बघत दोनच शब्द विचारायचे, "आता काहून?" दिलं ते ठीक. पण हेच वर्ष का? मागच्या वर्षी त्या देशात काय उपाशी नव्हते लोक? कॉलेजातली मुलं हे दोन शब्द घेऊन बाहेर पडायची. कँटीनवाल्यानं एक जादा भजं दिलं तरी कोणीतरी ओरडायचं, "आता काहून?" आमच्या प्राचार्यांनी एकदा स्टाफरूमला नवा कूलर दिला तेव्हा वानखड्यांनी तेच विचारलं. पुढच्याच आठवड्यात तपासणी समिती आली.

अमरावतीच्या स्टँडवरून कॉलेजात यायला त्यांनी तिथंच एक जुनी स्कूटर ठेवली होती. वर्षाच्या सुरुवातीला ते एक खेळ करायचे. पहिल्या तासाला समोर बसलेल्या कुठल्याही मुलाला आपला चांगला पेन देऊन टाकायचे. "ठेव. तुलेच देला." काही कारण नाही, अट नाही. मुलगा खूश. तीन-चार दिवस गेले की भर तासात त्याच मुलाला म्हणायचे, "जाय रे, बाहेर माही स्कूटर धुळीनं भरली, जरा पुसून ये." मुलगा उठायचा, जायचा, पुसायचा. तो दाराबाहेर पडला की सर वर्गाकडे वळायचे. "हा काहून गेला? मी याचा बाप नाई. नाई म्हणला असता तर मी काय फाशी देणार होतो? पण गेला. पेन घेतला की स्कूटर पुसाच लागते. बस, एवढंच परराष्ट्र धोरण हाय. बाकी पुस्तकात वाचा." मग त्या मुलाला परत बोलावून, त्याला सगळं समजावून, चहा पाजायचे. पेन त्याच्याकडेच राहायचा.

इतक्या वर्षांत फक्त एक मुलगा उठला नाही. अकोटकडचा होता, अविनाश. घरचा भाजीपाला आणि संत्र्याची बाग. त्यानं पेन बाकावर ठेवला आणि म्हणाला, "सर, हा घ्या तुमचा पेन. स्कूटर तुमची तुमी पुसा." वर्ग गार पडला. वानखडे इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवशी परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत ते मला तेच सांगत होते. "भौ, इतक्या वर्साइत एक भेटला. एक!" अविनाशला त्यांनी पुस्तकं दिली, दिल्लीच्या परीक्षेची तयारी करून घेतली, अकोल्याच्या घरी महिनोन्‌महिने ठेवून घेतलं. त्या बदल्यात त्याच्याकडून कधी काही घेतलं नाही. दरवर्षी त्याच्या बापानं पाठवलेली संत्र्यांची पिशवी तेवढी घ्यायचे. बागेतल्या संत्र्यांना ते परराष्ट्र धोरणातून सूट देत.

स्वतः वानखड्यांचं लहानपण एका दूरच्या मोठ्या देशाच्या मासिकांत गेलं होतं. गुळगुळीत, रंगीत, जवळजवळ फुकट पोस्टानं येणारी. त्यांतल्या ट्रॅक्टरांवर हसणाऱ्या बाया बघत ते वाढले आणि शाळेच्या वह्यांना त्याच पानांची कव्हरं घातली. "तो देश गेला," ते म्हणायचे, "पण कव्हरं अजून फाटली नाईत." हे सांगताना त्यांचा आवाज किंचित मऊ व्हायचा. मला वाटायचं, या माणसाला कुणीतरी एकदा मनापासून काहीतरी दिलं असतं तर बरं झालं असतं.

सर निवृत्त झाले. अविनाश तोवर दिल्लीत चांगला मोठा अधिकारी झाला होता, परदेशांशी मैत्री वाढवणाऱ्या एका खात्यात. एका दुपारी तो अकोल्याला सरांच्या घरी आला. मीही होतो. पाया पडला, संत्र्यांची पिशवी ठेवली, सरांच्या पत्नी सुमनवहिनींच्या हातची पुरी खाल्ली आणि मग कामाचं बोलला. आफ्रिकेतल्या काही देशांच्या मुलांना आपण शिष्यवृत्त्या देणार आहोत. लहान शहरांतही पाठवणार, अमरावतीलाही. त्यांची काळजी घेणारं, वडीलधारं कुणीतरी हवं.

"सर, आतापर्यंत दुसऱ्यांनी दिलं आणि आपण घेतलं," तो म्हणाला. "आता आपली वेळ आहे. पण आपल्याला त्यांच्यासारखं द्यायचं नाही. ते सावकारासारखे देतात. आपण घरच्यासारखं द्यायचं. ते कसं असतं हे मी तुमच्या घरात शिकलो."

शेवटचं वाक्य खरं होतं. वाईट एवढंच की ते वेळेवर वापरलं होतं.

वानखडे चष्मा पुसत होते. अविनाश गेल्यावर मी म्हणालो, "सर, एक विचारू? आता काहून?"

त्यांना राग आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "सारंच का तसं असते, भौ?" ते म्हणाले. "आपण म्हणजे काय ते लोक हावो का? आपल्याले माहीत नाई का घेणाऱ्याले कसं वाटते? आन अव्या हाय तो. त्यानं पेन वापस केला होता. तो कोणाले पेन देऊन स्कूटर पुसाले लावंन?"

मी वाद घातला नाही. आयुष्यभर संशय घेऊन दमलेला माणूस विश्वास ठेवायला बसला की त्याला उठवणं अवघड असतं.

सरांनी होकार कळवला आणि कॉलेजात या मुलांसाठीच्या मैत्री कक्षाचं उद्घाटन झालं. असल्या समारंभांचा मी जुना भक्त आहे, कारण त्यांत कधी काही बरोबर होत नाही. मंडप होता, तुताऱ्या होत्या, पाहुण्यांना फेटे होते. मुलं चार देशांची होती, म्हणून प्रत्येक देशाचं राष्ट्रगीत वाजायचं ठरलं होतं. एका देशाच्या जागी त्याच्या शेजाऱ्याचं वाजलं. दोन्ही देशांत फारसं सख्य नव्हतं, असं नंतर कळलं. ज्यांचं गीत वाजायचं होतं ती मुलं शिस्तीत उभी राहिली आणि शेजाऱ्याचं गीत संपेपर्यंत हलली नाहीत. वानखडे लाजेनं अर्धे झाले. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलांतल्या एका उंच, बारीक मुलीकडे जाऊन त्यांनी हात जोडून माफी मागितली.

"ठीक आहे, सर," ती इंग्रजीत म्हणाली. "त्यांचं गाणं आमच्यापेक्षा चांगलंच आहे. आमच्या घरी चोरून ऐकतात."

ही नाओमी. औषधनिर्माणशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीसाठी आली होती. तिच्या गावात औषधाचं दुकान नव्हतं. तालुक्याच्या दुकानात ज्या गोळ्या मिळत त्या बहुतेक मुदत संपलेल्या असत, असं तिनं वहिनींना पुढे सांगितलं. पदवी घेऊन तिला आपल्या गावात दुकान टाकायचं होतं. मोठं काही नाही, एक दुकान, ज्यातल्या गोळ्या खऱ्या असतील.

बाकीची मुलं आपापल्या वाटेनं रुळली. नाओमी वानखड्यांच्या घरची झाली. रविवारी अमरावतीहून अकोल्याला यायची. सुमनवहिनींनी तिचं नाव पहिल्याच दिवशी नमू करून टाकलं. ती वहिनींकडून भाकर थापायला शिकली आणि त्यांच्याहून पातळ थापायला लागली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बस झालं, आता मले हिच्या हाताखाली ठेवसान तुमी." वऱ्हाडी ती पोरांकडून आणि एसटीच्या कंडक्टरांकडून शिकली, त्यामुळे तिच्या वऱ्हाडीत शिव्या आधी आणि व्याकरण नंतर आलं. भाजीवाल्याला "काहून एवढी महाग, भौ?" असं ती विचारायची तेव्हा बाजारातली माणसं थांबून बघायची. सरांचे रुमालाचे, पेनाचे किस्से तिला तोंडपाठ झाले होते.

तिचे वडील तिकडे शाळामास्तर. एका रविवारी सरांनी तिच्या फोनवर त्यांच्याशी समोरासमोर बोलणं केलं. पडद्यावर आधी एक कपाळ आलं, मग अख्खं घर: आई, आत्या, भावंडं, शेजारी, एक बकरी. मास्तरांना इंग्रजी जेमतेम, सरांचं इंग्रजी अकोल्याचं. सर मोठमोठ्यानं, तुकड्यातुकड्यानं बोलत होते, जणू अंतर आवाजानं कापायचं आहे. तुमची मुलगी, माझी मुलगी. पदवी घेतल्याशिवाय परत येणार नाही. माझा शब्द. मास्तरांनी छातीवर हात ठेवला. इकडे सरांनीही ठेवला. वहिनी म्हणाल्या, "अहो, शब्द देऊन राहिले, पण देणारे तुमी कोण? सरकार हाय न." सर म्हणाले, "सरकारनं पैसा देला. शब्द माहा हाय."

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास अकोटजवळ वहिनींच्या भावाच्या शेतात कापसाची पहिली वेचणी होती. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. दही-भात कापसाच्या पऱ्हाटीला दाखवतात, शेतात चारी बाजूंना उधळतात आणि मग बाया ओटी बांधून वेचायला लागतात. नाओमीनंही कमरेला ओटी बांधली आणि बायांच्या रांगेत शिरली. नेमका त्या दिवशी दिल्लीहून खात्याचा फोटोग्राफर आला होता. ओटीत पांढराशुभ्र कापूस, हसणारी नाओमी, मागे काळी जमीन. तो फोटो पुढे खात्याच्या फलकावर आला. खाली लिहिलं होतं, 'मैत्रीचं पीक'. एक मोठा फलक मैत्री कक्षाच्या भिंतीवर लागला. वानखडे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचे. मला तो बघून ट्रॅक्टरांवर हसणाऱ्या बायांची आठवण आली.

बातमी आली तेव्हा नाओमीचं शेवटचं वर्ष सुरू होतं. आतल्या पानावर, एका कोपऱ्यात होती. तिच्या देशानं आपलं बंदर दुसऱ्या एका मोठ्या देशाला चालवायला दिलं होतं आणि जगाच्या कुठल्याशा सभेत, आपल्याला त्यांचं मत हवं असताना, ते तिकडे दिलं होतं. वानखड्यांनी पेपर घडी करून शबनममध्ये ठेवला. "जाऊ द्या," ते म्हणाले. "त्याइचं त्याइनं पाहावं."

थोड्याच दिवसांनी नाओमीला कळवण्यात आलं की तिची शिष्यवृत्ती पुढच्या सेमिस्टरपासून बंद आहे. शेवटचंच सेमिस्टर होतं ते. परतीचं तिकीट खातं देणार होतं, नागपूर ते दिल्ली आणि तिथून घरी.

सरांनी अविनाशला फोन लावले. तो मीटिंगमध्ये होता. मग दौऱ्यावर होता. मग परत मीटिंगमध्ये होता. शेवटी कळलं की तो अमरावतीलाच येतो आहे. दुसऱ्याच एका देशाचं शिष्टमंडळ घेऊन, त्यांना नांदगाव पेठेतले कापडाचे कारखाने दाखवायला. सर मला म्हणाले, "सोबत चाला. मी एकटा गेलो तर भांडीन."

सरकारी विश्रामगृहात अविनाश भेटला. उठला, पाया पडला. टेबलावर पिशवी होती. "सर, बाबांनी पाठवली. आंब्या बहाराची संत्री आहेत. बसा ना."

"मी उभाच बरा," वानखडे म्हणाले. "त्या पोट्टीचं एक सेमिस्टर राह्यलं हाय, अविनाश."

"माहीत आहे, सर. तिच्या एकटीचं नाही. त्या देशाच्या सगळ्याच मुलांचं थांबवलंय."

"तिच्या बापाले मी शब्द देला. फी मी भरतो. पेन्शन हाय मले."

"फीचं नाही, सर. तिचा व्हिसा शिष्यवृत्तीवर आहे. ती थांबली की तो संपतो."

"मग ते थांबवणाऱ्याले भेटतो मी. कोण हाय तो?"

अविनाश खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर शिष्टमंडळाच्या गाड्या धुतल्या जात होत्या.

"शिफारस माझीच होती, सर."

वानखड्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू काही चुकीचं ऐकलं का ते मी सांगावं.

"तुही शिफारस?"

मग अविनाश हळूहळू त्याच्या जुन्या भाषेत आला. मला वाटतं, त्याला खरंच समजावून सांगायचं होतं. "सर, तुमीच तर शिकवलं. पेन घेतला की स्कूटर पुसा लागते. आपण त्याइले दवाखाना देला, बसा देल्या, पोरं शिकवली. वेळ आली तवा त्याइनं हात तिकडे वर केला. आता पेन वापस नाई घेतला तर बाकीचे देश काय शिकतीन? हेच लिवलं मी. साऱ्याइले पटलं. खात्यात मी तुमचं नाव घेतो, सर. माह्या गुरुजीनं एका पेनात सारं सांगतलं म्हणतो."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो आभार मानत होता. त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं.

"मी ते पोराइले सावध कराले सांगत होतो, बे," वानखडे म्हणाले.

"मले ते नोकरीत कामी पडलं, सर."

मग वानखड्यांनी शांतपणे विचारलं, "तू घरी आला होता न, पह्यल्यांदा. तवा मी एक विचारलं नाई. आता विचारतो. तवा काहून आला होता?"

अविनाश खोटं बोलला नाही. त्याचं श्रेय मी त्याला देतो. "त्याइचं मत लागणार हाय हे तवापासून माहीत होतं. तवरोक मैत्री टिकवाची होती. पैसा देणारे पुष्कळ हायेत, सर. पोराइले घरी बोलावून जेवू घालणारं माणूस खात्याच्या बजेटात बसत नाई. मले तुमी आठवले."

वानखड्यांनी मान हलवली, जशी ते वर्गात बरोबर उत्तराला हलवत. मग ते वळले आणि निघाले. पिशवी टेबलावरच राहिली. अविनाश ती घेऊन दारापर्यंत मागे आला. "सर, बाबांनी पाठवलीत ही. माझी नाहीत." वानखडे थांबले नाहीत. इतक्या वर्षांची संत्र्यांची सूट त्या दारात संपली.

अकोल्याच्या गाडीत सर नेहमीसारखे उभे होते, मी बसलो होतो. बडनेरा गेलं. मूर्तिजापूरला माझ्या शेजारची सीट रिकामी झाली तरी ते बसले नाहीत. त्यानंतर कधीतरी माझ्याकडे न बघता म्हणाले, "भौ, रुमाल मीच होतो."

नाओमीच्या वडिलांना त्यांनी स्वतः फोन केला. मी तिथं होतो. मास्तरांनी या वेळी स्वतःचा चेहरा दाखवला नाही. पडदा काळा होता, नुसता आवाज येत होता. सरांनी जुळवून आणलेले तुकडे बोलून दाखवले. पलीकडून मास्तर म्हणाले, "तुम्ही तिला जेवू घातलं. धन्यवाद." आणि फोन ठेवला. सर बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत होते. तो माणूस चिडला असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी मुलाकडे पुण्याला राहायला गेलो. त्याआधी सर मला शेवटचे दिसले ते नाओमी निघाली त्या सकाळी, अमरावतीच्या स्टँडवर. नागपूरच्या विमानाला ती एसटीनंच जाणार होती. खात्याचं कुणी येणार नव्हतं. सुमनवहिनींनी अकोल्यालाच तिची ओटी भरली होती, खण दिला होता, आणि रडू आवरणार नाही म्हणून स्टँडवर आल्या नव्हत्या. त्यांनी बांधून दिलेला डबा एवढा मोठा होता की विमानात त्याला वेगळं तिकीट लागलं असतं. तिच्या हॉस्टेलवरून येताना रिक्षा कॉलेजसमोरून आली. मैत्री कक्षाच्या काचेतून तो फलक दिसत होता. ओटीत कापूस घेतलेली नाओमी अजून हसत होती. खऱ्या नाओमीनं मान वळवून तिकडे पाहिलं.

स्टँडवर तुफान गर्दी. लग्नसराई होती. नागपूरची गाडी वळताना दिसली आणि माणसं सुटली. मी सवयीनं खिशात हात घातला, पण माझ्या आधी माझ्या शेजारून कुणीतरी पळालं. सत्तरी ओलांडलेले, शबनम पाठीवर आपटत असलेले वानखडे चालत्या गाडीच्या बाजूनं धावत होते. त्यांनी एका पोराला खांद्यानं सरकवलं, एका बाईच्या पिशवीवरून हात लांब केला आणि आपला घडी घातलेला पांढरा रुमाल खिडकीतून आत टाकला. नेम अचूक होता. इतकी वर्षं त्यांनी बाहेर उभं राहून पाहिलं होतं, ते वाया गेलं नव्हतं.

नाओमी चढली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर रुमाल होता आणि शेजारी एक फेटेवाले बाबा. ती बसली. डबा मांडीवर घेतला. मग रुमाल उचलून तिनं खिडकीतून बाहेर धरला.

"सर, तुमचा रुमाल."

"राहू दे तुह्याजवळ," वानखडे खालून म्हणाले. धाप लागली होती. "ठेव. तुलेच देला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. कंडक्टरनं घंटी दिली.

"आता काहून, सर?" तिनं विचारलं.

ती हसत होती की नाही, हे सकाळचं ऊन समोरून येत असल्यामुळे मला दिसलं नाही. सरांना दिसलं असावं. त्यांनी तोंड उघडलं. आयुष्यभर तो प्रश्न विचारलेल्या माणसाजवळ त्याचं काहीतरी उत्तर असेल असं मला वाटलं, म्हणून मीही थांबलो. गाडी हलली. काही अंतर ते खिडकीबरोबर चालत गेले, मग गर्दीनं त्यांना थांबवलं.

मी जवळ गेलो तेव्हा ते नुसते उभे होते. घाम कपाळावरून चष्म्यात उतरत होता. त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला, थोडा वेळ तिथंच ठेवला, आणि मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.